घराखालची गटारे का खचतात?

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन दमदार पाऊस होऊन गेले, की जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांतील वसाहतींमधून एक तक्रार हमखास ऐकू येऊ लागते. अंगणातील फरशी एका कडेने खाली बसते, चेंबरच्या बाजूला हात जाईल एवढे भगदाड पडते, न्हाणीघरातील पाणी तुंबून उलट वर येऊ लागते. प्लंबर बोलावला जातो, तो बांबूच्या कामट्या घालून पाहतो, कामटी अर्ध्या वाटेत अडते आणि निदान होते, 'पाईप बसला'. दोन फूट फरशी उखडून तेवढाच तुकडा बदलला जातो, वरून तीच माती लोटली जाते आणि सिमेंटचा हात फिरतो. पुढच्या पावसाळ्यात त्याच्याच शेजारी पुन्हा तोच खड्डा पडतो. यात नशिबाचा किंवा वास्तूचा काही दोष नाही. खान्देशच्या भूमीचा स्वभाव आणि आपल्या बांधकामाच्या सवयी यांचे परस्परांशी पटत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

या प्रश्नाकडे आज नव्याने पाहण्याचे कारण आहे. केंद्र सरकारने जून २०१५ मध्ये जाहीर केलेल्या अमृत अभियानात जळगावचा समावेश झाला आणि पाणीपुरवठ्याबरोबरच भुयारी गटारांसाठीही शहराचे रस्ते खोदले गेले. धुळ्यात पांझरेपलीकडच्या देवपूर भागाने भुयारी गटारांच्या कामामुळे उखडलेल्या रस्त्यांचा अनुभव काही वर्षे घेतला. नागरिकांचा सारा रोष त्या काळात रस्त्यांवरील खड्डे आणि धूळ यांवर केंद्रित झाला होता, आणि ते स्वाभाविकच होते. मात्र रस्त्याखालची मुख्य वाहिनी कितीही चांगली टाकली, तरी तिच्यापर्यंत पोहोचणारा घरातील पंचवीस-तीस फुटांचा पाईप कोणी, कसा आणि कोणत्या मातीत टाकायचा, या प्रश्नाची चर्चा फारशी झाली नाही. शहराची मलनिःसारण योजना म्हणजे अशा हजारो छोट्या पाईपांची बेरीज असते, आणि ती बिघडते तीही येथेच.

प्रथम मातीचा विचार करू. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली काळी माती ही खान्देशच्या कापसाची आणि केळीची माता. याच मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि पाणी गेले की आकसतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळू लागला, की शेतात पडणाऱ्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो, हे येथील शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. जूनमध्ये पाऊस पडला की त्याच भेगा मिटतात आणि जमीन वर उचलली जाते. वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडत असल्याने सुकणे आणि फुगणे यांतील अंतर येथे फार मोठे असते. ही हालचाल सर्वाधिक होते ती वरच्या चार-पाच फुटांच्या थरात. घरातील सांडपाण्याचा पाईप एक ते तीन फूट खोल असतो, म्हणजे नेमका या हलत्या थराच्या मध्यभागी.

आपले गवंडी घराचा पाया काळ्या मातीत ठेवत नाहीत. तो मुरुमापर्यंत किंवा पक्क्या थरापर्यंत नेण्याची समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु ही समज गटारीपर्यंत पोहोचलेली नाही. परिणामी घर मुरुमावर स्थिर उभे राहते आणि त्यातून बाहेर पडणारा पाईप मात्र काळ्या मातीबरोबर दरवर्षी वर-खाली होतो. स्थिर आणि अस्थिर यांची गाठ पडते ती जोत्याच्या भिंतीपाशी. भिंतीतून बाहेर येताना पाईप सिमेंटमध्ये घट्ट जखडलेला असतो. तेथेच तो प्रथम तडकतो. खचलेल्या गटारीची तक्रार आली, तर भिंतीपासूनचे पहिले दोन फूट आधी उकरून पाहावेत. बहुतेक वेळा मूळ दुखणे तेथेच सापडते, खड्डा दिसतो तो भाग नंतरचा.

अर्थात दोन्ही शहरांची भूमी एकसारखी नाही. जळगाव परिसरात तापीच्या खोऱ्यातील गाळाची पिवळसर, बारीक कणांची मातीही आढळते. ती काळ्या मातीइतकी फुगत नाही, पण पाण्याबरोबर सहज वाहून जाते. पाईपाचा सांधा बोटभर उघडला, तरी त्यातून माती आत ओढली जाते आणि वर फरशी जशीच्या तशी राहून खाली पोकळी वाढत जाते. धुळ्यात काही भागांत खडक अगदी वर आहे. तेथे चर खोदताना खडकाचे एखादे टोक तसेच राहते, पाईप त्यावर टेकतो आणि दोन्ही बाजूंची भरलेली माती दबली की गुडघ्यावर काठी मोडावी तसा तो मोडतो. चराच्या तळाशी चार इंच वाळू किंवा कच पसरली असती, तर हे टळले असते. परंतु वाळूचे भाव पाहता पहिली काटकसर तेथेच होते.

दुसरे कारण पाईपाच्या जातीत आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या घरांतून खापरी पाईप सर्रास वापरले गेले. ही मळकट तपकिरी, झिलई दिलेली भाजक्या मातीची नळी रसायनांना उत्तम दाद देत नाही. तिला गंज नाही, कुजणे नाही. पण तिची लांबी असते जेमतेम दोन फूट. तीस फुटांच्या ओळीत पंधरा सांधे येतात आणि प्रत्येक सांधा सिमेंटने ताठ बांधलेला असतो. जमीन हलली की नळी शाबूत राहते आणि सांधा उघडतो. नंतरच्या काळात सिमेंटच्या आणि अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या नळ्या आल्या. सिमेंटच्या मोठ्या नळीला आपल्याकडे 'ह्यूम पाईप' हेच नाव रूढ झाले. वॉल्टर ह्यूम या ऑस्ट्रेलियन संशोधकाच्या तंत्रावर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये कंपनी उभारली, त्याचा हा वारसा. नळी मजबूत असते. पण सांडपाणी साचून सडले, तर त्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू नळीच्या माथ्यावरील ओलाव्यात मिसळतो, तेथील जिवाणू त्याचे गंधकाम्लात रूपांतर करतात आणि सिमेंट भुसभुशीत होऊ लागते. उष्णता जितकी अधिक तितकी ही क्रिया वेगवान. खान्देशच्या उन्हाळ्यात सिमेंटच्या चेंबरची झाकणे आतल्या बाजूने पापुद्रे सुटून सळई उघडी पडलेली दिसतात, त्यामागे हाच रसायनप्रयोग आहे. नळीचा तळ धडधाकट आणि माथा गायब, असे दृश्य उकरल्यावर दिसले तर आश्चर्य मानू नये.

सांडपाणी साचते का, हा प्रश्न मग ढाळाकडे नेतो. चार इंची पाईपाला साधारण साठ फुटांस एक फूट, म्हणजे तीस फुटांत सहा इंच एवढा ढाळ हवा. सहा इंची पाईपाला शंभरास एक चालतो. ढाळ कमी पडला तर घाण मागे राहते. जुन्या पेठांत आणि गल्ल्यांत हा ढाळ मिळणेच दुरापास्त झाले आहे, कारण रस्ता दर काही वर्षांनी जुन्या थरावर नवा थर चढून उंच होत गेला आणि घराचा उंबरा होता तेथेच राहिला. आखून-रेखून वसवलेल्या आणि गल्ल्यांना चक्क क्रमांक असलेल्या जुन्या धुळ्यातही कित्येक घरांत आज रस्त्यावरून पायरी उतरून जावे लागते. अशा घराचे पाणी बाहेर काढायचे कसे, हा प्लंबरचा प्रश्न राहिलेला नाही. रस्ता खरवडल्याशिवाय वर थर टाकू नये, हा साधा नियम न पाळल्याचा तो परिणाम आहे.

पाणीपुरवठ्याच्या पद्धतीचाही यात वाटा आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. वाघूर धरण असो की तापी योजना, नकाणे आणि डेडरगाव तलाव असोत, या शहरांनी अनेक वर्षे नळाला रोज पाणी पाहिलेले नाही. पाणी येते त्या दिवशी धुणे, भांडी, टाक्या धुणे, अंगण धुणे सारे एकदम होते. गटार तुडुंब भरून वाहते. मधल्या दिवसांत तिच्यात जेमतेम ओघळ असतो आणि घट्ट मळ पाईपात बसून राहतो. एकदा पूर आणि एकदा कोरड, या चक्रामुळे उघड्या सांध्यातून पाणी बाहेर पडते, परतताना माती घेऊन येते. शिवाय टंचाईच्या दिवसांत गल्लीबोळांतून टँकर फिरतात. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन वजन, त्यात गाडीचे वजन वेगळेच. फूटभर खोल टाकलेल्या पाईपावरून ते गेले, तर पाईप काय करील?

उरलेली कारणे जुनी आणि परिचित आहेत. दारातील कडुनिंब, पिंपळ, उंबर यांची मुळे उन्हाळ्यात ओलावा शोधत सांध्यातून आत शिरतात व केसांच्या बुचक्यासारखी पाईप भरून टाकतात. घूस ही तर चेंबरची कायमची भाडेकरू. उघडा सांधा किंवा अर्धवट सोडलेली जुनी नळी दिसली, की ती तेथूनच बिळे काढते आणि एका पावसात वरची फरशी खाली बसते. जेसीबीने नळाची किंवा केबलची चर खोदताना जुन्या गटारीला धक्का लागतो, ती तशीच बुजवली जाते आणि सहा महिन्यांनी घरमालकाला त्याची जाणीव होते. तोवर ठेकेदार दुसऱ्या प्रभागात गेलेला असतो.

आता दुरुस्तीविषयी. कुदळ मारण्यापूर्वी निदान करणे आवश्यक आहे आणि त्यासाठी महागडा कॅमेरा प्रत्येक वेळी लागतोच असे नाही. भर दुपारी एका चेंबरमध्ये आरसा तिरका धरून ऊन पाईपात सोडावे आणि पुढच्या चेंबरमधून पाहावे. पाईप सरळ आणि धड असेल तर पूर्ण गोल उजेड दिसतो, बसला असेल तर अर्धचंद्र, तुटला असेल तर काळोख. गळतीची शंका असल्यास खालचे तोंड ओल्या गोणपाटाने घट्ट बंद करून वरच्या चेंबरमध्ये पाणी भरावे व अर्ध्या तासाने पातळी पाहावी. न्हाणीघरात कपड्यांची नीळ घालून ती कोठे उगवते हे पाहण्याची जुनी युक्तीही उपयोगी पडते. शेजाऱ्याच्या बोअरच्या पाण्यात निळसर छटा दिसली, तर प्रश्न गटारीपुरता उरत नाही. कावीळ आणि विषमज्वर याच वाटेने घरात येतात. नळाला रोज पाणी नसल्याने रिकाम्या पडलेल्या नळवाहिनीतही आजूबाजूच्या मातीतील घाण ओढली जाते. त्यामुळे गटार आणि पिण्याच्या पाण्याची नळी एकाच चरात टाकणे हा शुद्ध अविचार होय.

खचलेला भाग बदलताना केवळ खड्ड्यापुरते खोदून भागत नाही. दोन्ही बाजूंना धड सांधा लागेपर्यंत चर वाढवावी लागते. नवा पाईप जमिनीखालील सांडपाण्यासाठी बनवलेला जाड पीव्हीसीचा आणि रबरी कड्याच्या सांध्याचा असावा. गच्चीवरून पावसाचे पाणी उतरवणारा पातळ पाईप स्वस्त मिळतो म्हणून जमिनीत पुरणे म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा फरशी फोडण्याची तयारी ठेवणे. रबरी कड्याचा सांधा थोडा वाकू शकतो आणि काळ्या मातीत तेच हवे असते. भिंतीतून पाईप बाहेर काढताना भोवती अंगठाभर मोकळी जागा ठेवून ती मऊ पदार्थाने भरावी आणि भिंतीपासून दीड-दोन फुटांच्या आत एक रबरी सांधा द्यावा. मग घर स्थिर राहो आणि माती हलो, पाईपाला मान वळवायला जागा मिळते. चराच्या तळाशी चार ते सहा इंच वाळू किंवा कच, पाईपाच्या दोन्ही कुशींतही तीच, त्यावर अर्ध्या-अर्ध्या फुटाचे मुरुमाचे थर पाणी मारून धुम्मस करून घ्यावेत. खोदून काढलेली काळी माती परत भरू नये. हा एक नियम पाळला, तरी निम्म्या तक्रारी कमी होतील असे वाटते. ढाळ डोळ्याने न ठरवता पाण्याच्या लेव्हल नळीने दोन्ही टोकांना मोजावा. काटकोनी बेंड टाळून तेथे दोन अर्ध्या कोनाचे बेंड किंवा चेंबर द्यावे. गच्चीचे पाणी या गटारीला जोडू नये. आपल्याकडे तो मोह मोठा आहे.

अनेक कारागीर मजबुतीसाठी संपूर्ण पाईप काँक्रीटमध्ये गाडतात. वाहन जाते त्या ठिकाणी संरक्षण हवेच. पण तीस फुटांची अखंड काँक्रीटची काठी काळ्या मातीत टाकली, तर ती पाईपासह तडकते. काँक्रीट द्यायचेच तर पाईपाच्या सांध्यापाशी ते तोडावे. आणखी एक सूचना : जुना अॅस्बेस्टॉस सिमेंटचा पाईप निघाला, तर तो कटरने कोरडा कापू नये, ओला करून सबंध उचलावा, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

भुयारी गटारीला जोडणी घेणाऱ्या घरांसमोर जुन्या सेप्टिक टँकचे काय करायचे हाही प्रश्न येतो. बहुतेक जण तो तसाच सोडून वर फरशी टाकतात. सडलेल्या झाकणाखालची रिकामी टाकी हे अंगणातील सापळेच असतात. ती यंत्राने उपसून, तळाला भोके पाडून मुरुमाने भरावी आणि मगच वर फरशी करावी. घर रस्त्यापेक्षा खाली असेल, तर मुख्य वाहिनी तुंबल्यावर मैला घरात उलटू नये म्हणून एकेरी झडप बसवणे अपरिहार्य आहे.

टाकी असो की खोल चेंबर, त्यात माणूस उतरवू नये. हे दयेपोटी सांगितलेले नाही, तो कायदा आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटारीची वा टाकीची धोकादायक सफाई करवून घेणे गुन्हा ठरवले. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मधील निकालाने ती रक्कम तीस लाखांवर नेली. जो वायू सिमेंट खातो तोच माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करतो, आणि जास्त प्रमाणात असला की त्याचा वासही येईनासा होतो. पहिला माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही परतत नाही. देशभरातील अशा बातम्यांचा क्रम हाच असतो. हे काम कोणत्या जातींच्या वाट्याला आले आहे, हेही सर्वांना ठाऊक आहे. दोनशे-तीनशे रुपये जास्त देऊन 'जरा आत उतरून बघ' म्हणणाऱ्या घरमालकाला आपण गुन्हा करीत आहोत याची कल्पनाही नसते. चर खोदणाऱ्या मजुरालाही धोका आहेच. ओली काळी माती खांद्याइतक्या खोल चरात कोणतीही पूर्वसूचना न देता ढासळते. तेथे फळ्यांचा आधार दिल्याशिवाय खाली वाकून काम करवू नये.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. सार्वजनिक वाहिनी महापालिकेची आणि घरातून तिच्यापर्यंत येणारी नळी मालकाची, ही विभागणी वरकरणी स्वच्छ आहे. प्रत्यक्षात रस्त्याच्या हद्दीतील जोडणीचे तीन-चार फूट कोणाचेच नसतात. ते खचले की महापालिका मालकाकडे बोट दाखवते, मालक ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराच्या देखभालीची मुदत तोवर संपलेली असते. जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या २००३ मध्ये महापालिका झाल्या. या दोन दशकांत शहरे चहूबाजूंनी शेतजमिनींवर पसरली. कालपर्यंत कापूस होता त्या काळ्या रानात आज प्लॉट पडले आहेत. तेथील गुंठेवारीतील घरांना ना नकाशाची शिस्त होती, ना गटारीची. अशा वसाहतींसाठी जोडणीचा एक प्रमाणित नकाशा, मान्यताप्राप्त प्लंबरांची यादी आणि चर बुजवण्यापूर्वी अभियंत्याची एक तपासणी, एवढे महापालिकेने सक्तीचे केले तर खर्च नगण्य आणि लाभ मोठा आहे. आज तपासणी होते ती काम झाकले गेल्यावर. तेव्हा तपासायला फरशीशिवाय काहीच दिसत नाही.

योगायोग असा, की पुढे जगप्रसिद्ध झालेले अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक खान्देशातच होते. पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळीने पाणी पलीकडे न्यायचे होते. नदीपात्राखालून नळी नेण्याची विद्या या जिल्ह्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. अंगणाखालून ती नेताना मात्र आपण वाळूच्या चार पाट्यांचा हिशेब करतो.

नव्याने जोडणी घेणाऱ्यांनी काम उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे जमीन पूर्ण आकसलेली असताना करून घ्यावे, असा अनेकांचा आग्रह असतो. त्यात खोदाई सोयीची होते हे खरे. पण तेव्हा भरलेली चर पहिल्या पावसात हमखास थोडी बसते. म्हणून वरची फरशी लगेच न करता एक पावसाळा मुरूम उघडा ठेवावा, बसेल तेथे भर टाकावी आणि दिवाळीनंतर फरशी घ्यावी. ठेकेदार याला सहसा तयार होत नाही, कारण त्याचे बिल फरशीपाशी अडलेले असते. तेव्हा फरशीचे पैसे वेगळे ठरवून पाईपाचे पैसे ढाळ मोजून व चेंबरला आरसा दाखवून झाल्यावर चुकते करावेत.